नवऱ्याच्या नावावर गाडी, चालवते बायको : क्लेम मिळतो का?



आमच्या बॅचमध्ये पुण्याच्या एक ताई आहेत. घरगुती डब्यांचा व्यवसाय, रोज साठ डबे. कार मिस्टरांच्या नावावर आणि डबे पोचवायला चालवतात ताई. एक दिवस वळणावर गाडी दुभाजकाला घासली. बंपर, हेडलाइट, डावा दरवाजा मिळून गॅरेजचं बिल झालं ४८ हजार. ताईंना धाकधूक होती की गाडी आपल्या नावावर नाही, म्हणून क्लेम नाकारतील. क्लेम खरंच नाकारला गेला, पण कारण भलतंच निघालं. त्यावर येतोच, आधी पाया समजून घेऊ.

आपल्याकडे मोटर इन्शुरन्स गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा एक परिच्छेद असतो. त्याचा अर्थ साधा आहे : मालक किंवा मालकाच्या परवानगीने दुसरं कोणीही गाडी चालवत असेल, आणि अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स असेल, तर कव्हर चालू. म्हणजे बायको असो, भाऊ असो की शेजारचे काका, नात्याचा इथे संबंधच नाही. कोणाचे नातेवाईक इंग्लंडला असतील तर ते सांगतील की तिथे चालवणाऱ्याचं नाव पॉलिसीत घालावं लागतं. ते तिथलं झालं, इथे लावू नका.

आता 'वैध लायसन्स' हा शब्द नीट बघा, कारण नवरा-बायकोंचा घोळ इथेच होतो. नवऱ्याकडे फक्त कारचं लायसन्स आहे आणि तो बायकोची स्कूटर घेऊन बँकेत जातो. चालत नाही! दुचाकीचा वर्ग लायसन्सवर हवाच. तसंच बायकोकडे विनागिअर दुचाकीचं लायसन्स असेल तर नवऱ्याची गिअरची बाइक तिला चालवता येत नाही. अशा वेळी गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतोच. शिवाय समोरच्या माणसाला भरपाई द्यावी लागली, तर कंपनी ती देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे चालवणार एक आणि वसुलीची नोटीस येणार दुसऱ्याच्या नावाने. बायको अजून शिकत असेल, तर लर्निंग लायसन्स, 'एल' पाटी आणि शेजारी लायसन्सधारक शिकवणारा, हे तिन्ही लागतं.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. तुमच्या पॉलिसीत १५ लाखांचं अपघात कव्हर दिसतं ना? त्यापुढे 'ओनर-ड्रायव्हर' लिहिलेलं असतं. ते फक्त मालकाला आहे, तेही तो स्वतः लायसन्सधारक असेल तर. नवऱ्याच्या गाडीत बायको चालवताना तिला काही झालं, तर त्या १५ लाखांतला एक रुपयाही तिच्यासाठी नाही. तिच्या स्वतःच्या स्कूटरवर असंच कव्हर असलं तरी ते तिच्या मालकीच्या गाडीपुरतं. "मग थर्ड पार्टीतून मागू," असं कोणी म्हणेल. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितलं की गाडी मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, त्याच गाडीच्या कंपनीकडे त्याला तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : दोघांनीही गाडीपासून वेगळी, स्वतःच्या नावाची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी.

आणि हो, गाडी जर फर्मच्या किंवा प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली असेल, तर ओनर-ड्रायव्हर कव्हर मिळतच नाही, कारण कंपनी काही गाडी चालवत नाही. टॅक्स वाचवायला गाडी कंपनीच्या नावावर घेणारे हे विसरतात. तेव्हा तर दोघंही उघडे.

आता ताईंच्या क्लेमकडे येऊ. सर्व्हेअरने फोटो काढले तेव्हा मागच्या सीटवर डब्यांचे क्रेट होते. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' नावाचं कलम असतं. त्यात भाड्याने गाडी चालवणं आणि मालवाहतूक वगळलेली असते. नमुने आणि वैयक्तिक सामान चालतं, विक्रीचा माल चालत नाही. मीटिंगला गेलात, ग्राहकाला सॅम्पल दाखवायला गेलात, तर हरकत नाही. रोज साठ डबे पोचवणं ही मालवाहतूक झाली. इथे गाडी नवऱ्याची की बायकोची, हा प्रश्नच नव्हता. ४८ हजार खिशातून गेले. डब्याच्या धंद्यात एवढे सुटायला किती दिवस लागतात, ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा.

पुढे त्यांनी हिशोब मांडला आणि जुना छोटा टेम्पो घेतला, मालवाहू नोंदणी आणि कमर्शियल पॉलिसीसकट. "मला वेगळं लायसन्स काढावं लागेल का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं हलकं मालवाहू वाहन कारच्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं. त्यामुळे तो खर्च वाचला.

शेवटी नो क्लेम बोनस. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो पॉलिसीधारकाचा असतो. बायकोने गाडी ठोकली आणि क्लेम घेतला तर नवऱ्याचा बोनस जातो, तिच्या गाडीचा तसाच राहतो. म्हणून छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी पुढच्या वर्षीचा प्रीमियम किती वाढेल ते एजंटला विचारा. 'एनसीबी प्रोटेक्ट' अ‍ॅड-ऑन घेता येतो, पण त्यात किती क्लेमपर्यंत सूट आहे ते वाचून घ्या. दोघांच्या गाड्या एकाच फ्लोटर पॉलिसीत टाकू, असंही काहीजण विचारतात. २०२२ मध्ये आयआरडीएआयने फ्लोटरला परवानगी दिली ती एकाच मालकाच्या गाड्यांसाठी. एक त्याच्या आणि एक तिच्या नावावर असेल तर जमत नाही.

आज संध्याकाळी दोन्ही गाड्यांच्या पॉलिसी आणि दोघांची लायसन्स टेबलावर काढा. लायसन्सची मुदत, वाहनाचा वर्ग आणि वापराचं कलम, एवढं तपासायला पंधरा मिनिटं पुरतात.