तीन मुठी माती

अब्बांना दफन केलं त्या दिवशी चाचांनी माझा हात धरून मातीच्या ढिगापाशी नेला. म्हणाले, ‘तीन मुठी टाक.’ त्या तीन मुठींचा अर्थ असा, की या मातीतूनच माणूस घडला, तिच्यातच परत चालला आणि निवाड्याच्या दिवशी तिच्यातूनच पुन्हा उभा राहणार. कबरस्तानाच्या फाटकाशी गावातली हिंदू मंडळीही उभी होती. त्यांच्या घरी दहन होतं. पण आमच्या भागात तेही म्हणतात, ‘मातीला चाललोय.’

अब्बांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं. मग नमाजेआधी अम्मी एका ताटलीत शेतातल्या स्वच्छ मातीचं कोरडं ढेकूळ ठेवायची. अब्बा त्यावर तळवे टेकायचे, झटकायचे, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे. याला तयम्मुम म्हणतात. एरवी मातीचे हात आपण धुतो; इथं मातीनंच हात धुवायचे. पाणी नसेल किंवा बाधणारं असेल, तर माती पाक करते, असा हा विचार.

पण माती पवित्र आहे एवढं म्हटलं, की सगळे धर्म एकाच वाटेनं जातील असं मात्र नाही. पारशी लोकांचं पाहा. त्यांच्या मते ही सृष्टी अहुर मज्दची, म्हणून मुळात चांगली. मरण आणि कुजणं ही अंग्र मैन्यूची, म्हणजे दुष्ट शक्तीची घुसखोरी. मग प्रेत चांगल्या मातीत पुरायचं कसं? अग्नीला, पाण्याला तरी कसं द्यायचं? म्हणून दोखमा : उंच दगडी वर्तुळ, वर ऊन आणि गिधाडं. ज्या आदरापोटी आम्ही माणसाला मातीच्या स्वाधीन करतो, त्याच आदरापोटी ते तिला प्रेताचा स्पर्श होऊ देत नाहीत.

गंमत म्हणजे त्याच इराणी जगात, तिसऱ्या शतकात, मानी नावाचा एक धर्मसंस्थापक नेमकं उलटं सांगत होता. प्रकाश आणि अंधार यांचं युद्ध त्यालाही मान्य. पण त्याच्या लेखी जडद्रव्य हाच तुरुंग, प्रकाशाचे कण त्यात अडकलेले. म्हणून त्याच्या पंथातले निवडक साधक फळसुद्धा स्वतः तोडत नसत. अनुयायी आणून देत. मानी स्वतः सासानी बादशहा पहिला बहराम याच्या कैदेत वारला.

जैन साधूही जमीन खणत नाहीत, पण कारण निराळं. त्यांच्या दृष्टीनं माती हेच जिवांचं शरीर आहे, पृथ्वीकाय. तिला इजा नको. आणि आपल्या ज्ञानदेवांनी तर ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचंच खंडन केलं. जग हा अज्ञानातून उठलेला भास नव्हे, चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यांची भूमिका. मला, कवी म्हणून, ती फार जवळची वाटते. जग भास असेल तर प्रतिमा कशाच्या लिहायच्या?

या गोष्टी पोथीतच राहतात असं कुणाला वाटत असेल, तर करोनाचा काळ आठवावा. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं : करोनानं दगावलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. काही तासांत ते बदललं; पण त्या काही तासांत आमच्या घरात कुणी जेवलं नाही. पारशांची अडचण अधिक लांबली. गुरांच्या डायक्लोफेनॅक या औषधानं गिधाडं आधीच संपत आली होती. पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. त्यात साथीच्या नियमांनी उघड्यावर देह ठेवायलाच मनाई केली. सुरतेचा पारशी समाज न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दोखम्यातल्या अंत्यविधीची कार्यपद्धती मान्य झाली. बाहेरच्याला वाटेल, देह तर गेला, आता हट्ट कशाचा? मला तसं वाटत नाही.

अब्बांच्या कबरीवर आम्ही सब्जा लावला. पहिल्या पावसात माती खचली, तेव्हा मी सिमेंटचा कट्टा बांधायचं काढलं. गवंड्याला बोलावलंही होतं. चाचांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मला म्हणाले, ‘अरे, पाणी आत जाऊ दे की.’