कमी पळालेली म्हातारी, जास्त पळालेली तरणी

दोन जुन्या डिझेल गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजा. मॉडेल एकच, वर्ष एकच, रंगही एकच. पहिलीच्या मीटरवर ६० हजार किलोमीटर, दुसरीच्या १ लाख ८० हजार. पहिली पुण्यात कोथरूड ते हडपसर सिग्नलला थांबत थांबत वाढली. दुसरी इंदापूरच्या एका डाळिंब व्यापाऱ्याची, मार्केट यार्डाच्या खेपा करणारी. इंजिन कुणाचं जास्त फिरलंय? बारामतीत कुठल्याही गॅरेजबाहेर हा प्रश्न टाका, लोक तुमच्याकडेच संशयाने बघतील. एक लाख ऐंशीवालीचं, यात विचारायचं काय?

आता गणित मांडू. दीड लिटरच्या आतबाहेरची डिझेल गाडी टॉप गिअरमध्ये ताशी ९० ने जाते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २००० फेरे घेतं. म्हणजे एका किलोमीटरला १३३३ फेरे. गंमत अशी की टॉप गिअर बदलला नाही तर वेग ७० असो की १००, किलोमीटरमागे फेरे तेवढेच राहतात, कारण इंजिन आणि चाक दातांनी एकमेकांना बांधलेले असतात. शहरात मात्र सरासरी वेग पडतो २० च्या घरात. पहिला-दुसरा गिअर, सिग्नलला उभं राहून नुसतं घरघरणं, हे सगळं धरून सरासरी १५०० फेरे मिनिटाला मानले तर एका किलोमीटरला ४५०० फेरे होतात. तिपटीहून जास्त!

गुणाकार करा. शहरातली ६० हजारवाली: २७ कोटी फेरे. महामार्गावरची १ लाख ८० हजारवाली: २४ कोटी. तिप्पट अंतर कापलेल्या गाडीचं इंजिन कमी फिरलंय. त्यात शहरातल्या गाडीचे थंड इंजिनाचे स्टार्ट कितीतरी जास्त, आणि झिजेचा मोठा वाटा तेल वर चढण्याआधीच्या त्या पहिल्या क्षणांतच पडतो. क्लचचा हिशोब तर मांडायलाच नको.

हे कळल्यावर पुणे-सोलापूर महामार्गाकडे बघण्याची नजरच बदलते. यवत, पाटस, भिगवण, पळसदेव, इंदापूर, पुढे टेंभुर्णी. हडपसर सोडलं की घाट म्हणावा असा घाट नाही, उजनीच्या पाण्याला समांतर जाणारा लांबलचक सपाट रस्ता. पाटस आणि सरडेवाडीचे टोलनाके सोडले तर पाय उचलायची फारशी गरज नाही. डिझेल इंजिनाला याहून चांगलं आयुष्य देता येणार नाही. म्हणून मी म्हणतो, लांब पल्ल्यासाठी जुनी गाडी घेताना मीटरवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

त्या इंजिनाच्या आत काय चालतं तेही ऐकण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेलमध्ये ठिणगीच नाही. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं ना, तेच तत्त्व. हवा सतरा-अठरापट दाबली की तिचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने या कल्पनेचं पेटंट १८९२ मध्ये मागितलं आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला इंजिन खात्रीने चालवून दाखवलं.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंदापूर ते पुणे सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे एका खेपेला पावणेचार लाख स्फोट. लिटरला २० चं मायलेज धरलं तर त्यासाठी लागतं सात लिटर डिझेल. सात लिटरचे पावणेचार लाख भाग करा: एका स्फोटाच्या वाट्याला अर्धा थेंबही येत नाही! आणि कॉमन रेल इंजिन तो अर्धा थेंबसुद्धा एकदम सोडत नाही, तुकड्या-तुकड्यांनी सोडतं. आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा, मग पुन्हा थोडं. जुन्या डिझेल जीपची खडखड नव्या गाडीत कमी झाली त्यामागे हा आधीचा चिमूटभर फवारा आहे. त्यासाठी नळीत हजार बारच्या वर दाब साठवून ठेवलेला असतो. तुमच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन बार.

प्रवासी गाडीत हे तंत्र पहिल्यांदा आलं १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ या इटालियन गाडीत. त्याची मूळ मेहनत फियात समूहाची, पुढे ते बॉशकडे गेलं. फियातने २००३ मध्ये १२४८ सीसीचं छोटं मल्टिजेट इंजिन काढलं आणि ते आपल्याकडे इतकं पसरलं की वाहनप्रेमींनी त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला सुरुवात केली. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, सियाझ, टाटाची व्हिस्टा, फियातच्या पुंतो आणि लिनिया, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच. मारुतीसाठी ते मानेसरला बनत होतं आणि फियातचं आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला.

इथे इंदापूरकरांनी जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. बारामतीहून इंदापूरला निघालं की लासुर्णे ओलांडल्यावर जंक्शन लागतं, आणि तिथून आत वालचंदनगर. ते ज्यांच्या नावाने वसलं त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियात गाड्या निघू लागल्या, आणि त्यांचीच वंशज पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. फियात भारतात आली ती इंदापूर तालुक्यात ऊस पिकवणाऱ्या माणसाचं बोट धरून, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या मल्टिजेटच्या पिस्टनचा स्ट्रोक ८२ मिलिमीटर. एका फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली. महामार्गावर गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा पिस्टन जेमतेम २२० मीटर सरकतो, शहरात मात्र साडेसातशेच्या जवळपास. गाडीने महामार्गावर लाखभर किलोमीटर काढले की प्रत्येक पिस्टनने जागच्या जागी सुमारे २२ हजार किलोमीटर काढलेले असतात. पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेहून जास्त, आणि तेही तेलाच्या काही मायक्रॉनच्या थरावर. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीपासून मेकॅनिक लांब का पळतो, ते यातून कळतं. टर्बोचा दांडा तर मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि तोही तेलावरच तरंगतो. भरधाव येऊन हॉटेलसमोर गाडी थांबवून लगेच चावी फिरवणाऱ्याच्या टर्बोत ते तेल जागच्या जागी जळतं. म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न हा: गाडी थांबवल्यावर मिनिटभर चालू ठेवता का? उत्तरापेक्षा चेहरा बघा.

आपल्या भागातली एक गोष्ट पुण्याच्या एजंटाला सुचणार नाही. हे इंजिन इंदापूर ते पुणे एका खेपेत, टर्बोने ढकललेली जादा हवा न धरतासुद्धा, लाखाहून जास्त लिटर हवा ओढतं. ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्याची धूळ त्याच हवेत असते. स्वस्तातला एअर फिल्टर नीट बसला नसेल तर ती बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि आतून घासते. फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप काढायला लावा, आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही उतरली तरी.

दुसरं, ट्रॅक्टरसाठी शेतावर ठेवलेल्या बॅरलमधलं डिझेल. बॅरलमध्ये पाणी धरतं. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या, त्यांना वंगण म्हणून डिझेलचाच आधार. तिथे पाणी किंवा रॉकेल गेलं की चारही इंजेक्टरचा खर्च निघतो, आणि तो ऐकून माणूस खाली बसतो. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, त्याचं बिल आहे का, हे विचारायला लाजू नका.

मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपचं काम झालंय, म्हणून गाडीचं अंग वाचायला शिका. महामार्गावर पळालेल्या गाडीच्या बॉनेटच्या नाकावर खड्यांचे टिपके असतात, समोरची काच उन्हात धरली की बारीक टोचे चमकतात, पण क्लचच्या पेडलचं रबर बऱ्यापैकी शाबूत असतं. शहरातल्या गाडीचं उलट: काच स्वच्छ, पेडल गुळगुळीत. काच टोचलेली, पेडल झिजलेलं, स्टीअरिंग चकचकीत आणि मीटरवर ५५ हजार असेल, तर मीटर मारलेला आहे असं समजून बोलणी करा. टायरवरचे चार आकडेही बघा: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला की आधीच्या सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर बहुतेकदा कळतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बसलेली आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला पूर आला, हे लक्षात असू द्या.

गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि ‘आधी चालू करून ठेवू नका’ असं बजावून. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर मालक काहीतरी लपवतोय. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाबल्यावर काळा धूर राहिला तर हवा कमी किंवा इंजेक्टर खराब. ऑइलचं झाकण सैल करून ठेवल्यावर ते थडथड उडत असेल तर रिंगा गेल्या, इंजिनचं काम निघणार. मग गाडी भिगवणहून इंदापूरपर्यंत न्या. टॉप गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवरून पाय दाबा: आवाज चढला पण वेग चढला नाही तर क्लच प्लेट संपलीय. तापमानाचा काटा तिथपर्यंत हलला नाही पाहिजे.

आता कुठली घ्यायची? युरोपात अशा कामाला लांब पाठीची इस्टेट गाडी घेतात. आपल्याकडेही टेल्कोने १९९२ मध्ये डिझेलवर चालणारी टाटा इस्टेट काढली होती, पुण्यातच. २००४ ला इंडिगो मरीना आली. दोन्ही गाड्या त्यांच्या काळाच्या पुढे होत्या आणि दोन्हींना गिऱ्हाईक मिळालं नाही. आपल्या लोकांना मागे डिकी नाहीतर वर उंची हवी असते. आज त्या घेणं हौसेचं काम, रोजच्या खेपांचं नाही. माझ्या मते इस्टेटची खरी वारस म्हणजे २०१२ पासूनची मल्टिजेटवाली एर्टिगा. मागची रांग पाडली की डाळिंबाचे क्रेट बसतात, आणि टायमिंग चेन असल्यामुळे बेल्टची कटकट नाही. माणसं जास्त आणि खिसा खोल असेल तर इनोव्हा. पण २०१६ च्या क्रिस्टाआधीच्या अडीच लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तसाच डस्टरच्या दीड लिटर डिझेललाही. तो वेळेवर बदलल्याचं बिल नसेल तर पहिला खर्च तोच करा, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला मीटरचा तोच नियम आणखी कडक लावा. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकायला लांब, सलग धाव लागते. बारामतीत शाळा, बँक, भाजी एवढंच फिरलेली ‘कमी पळालेली’ बीएस-६ डिझेल गाडी म्हणजे तुंबलेला फिल्टर. ती स्वस्त मिळते, आणि त्याला कारण असतं.

तुमचं रनिंग महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली असेल तर मात्र डिझेलच्या वाटेला जाऊच नका, पेट्रोल किंवा सीएनजी बघा. आपल्या तालुक्यांतल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत जातं. कारखान्याला त्याचा फायदा आहे, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं. डिझेलची टाकी त्यातून सुटली आहे. ऊस लावणाऱ्याने डिझेल गाडी घ्यावी, हा विनोद इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

व्यवहार ठरला की टोकन देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाका: कितवा मालक, बँकेचा बोजा उतरलाय का, विमा चालू आहे का. गाडी एमएच-४२ ची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर बारामतीतच काम होतं. दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी आधी. दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांपासून सावध राहा, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे त्या इकडे उतरतात आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो.

आणि घाई करायचं एक कारण आहे. मारुतीने डिझेल थांबवलं आणि १२४८ सीसीचं मल्टिजेट बंद झालं ते २०२० मध्ये. त्यामुळे बाजारातली हे इंजिन असलेली सगळ्यात नवी गाडीही त्याच वर्षाची आहे, आणि तिच्या पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत २०३५ ला संपते.