मोटारतळ आणि मुळे

अमेरिकेतील एखादे कुटुंब सुटीत आपली निवासी मोटार घेऊन राष्ट्रीय उद्यानात शिरते. बिछाने, चूल, पाण्याची टाकी असा सारा संसार चाकांवर! परंतु अफाट वनात मनाला येईल तेथे मुक्काम ठोकण्याची मुभा त्यास नसते. तळावर क्रमांक लावून आखलेल्या जागेतच गाडी उभी करावी लागते. हे बंधन कशासाठी?

मोटारी स्वस्त झाल्या, तशी तेथील वनांत शहरवासीयांची रीघ लागली. वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांच्या ध्यानी आले की, चाकांखाली माती दबते, तीत हवा-पाणी शिरत नाही, मुळे गुदमरतात. आणि ज्याच्या सावलीसाठी माणूस आला तो वृक्षच वठतो. म्हणून १९३२ साली त्यांनी तळाची नवी आखणी मांडली : एकेरी वाट, तिच्या कडेला गाडीपुरते थांबे, भोवती धोंडे-ओंडक्यांचा अडसर, चूल आणि मेज कायम एकाच जागी.

ही आखणी आजही अनेक उद्यानांत दिसते. जुने थांबे आखूड असल्याने लांब गाड्यांना तेथून पुष्कळदा परतावे लागते. प्रवाशास ते जाचक वाटेल. परंतु श्रोतेहो, उद्या येणाऱ्या कुटुंबालाही सावली मिळावयाची, तर आज आलेल्याने आखून दिलेल्या जागेत राहिलेच पाहिजे.