धाग्यांची चाळ



वरळीच्या बीडीडी चाळी मुंबई सरकारच्या विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत उभारल्या. इमारतीला तळमजल्यासह चार मजले, मजल्यावर वीस गाळे, आणि प्रत्येक गाळा १६० चौरस फुटांचा. भाडेकरू गांवीं गेला तरी गाळा त्याच्याच नांवावर राही. आतां तेथें उंच इमारती होत असून, २०२५ च्या ऑगस्टांत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. मला बोलावयाचें आहे तें मात्र संगणकाविषयीं. जुनी चाळ डोळ्यांपुढें ठेवा, म्हणजे काम सोपें होईल.

संगणकाच्या एकाच प्रोग्रॅमांत अनेक कामें जोडीनें चालावीं म्हणून जे स्वतंत्र ओघ सोडतात, त्यांना थ्रेड किंवा धागे म्हणतात. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठीं एक धागा, ही रचना नवशिक्याला फार आवडते. शंभर ग्राहकांपर्यंत ती निर्वेध चालते. तीन-चारशेंच्या पुढें गेली कीं जुनें यंत्र 'स्मृति अपुरी' म्हणून काम नाकारतें, आणि पाहावें तर निम्मी स्मृति मोकळीच! हें कसें?

प्रत्येक धाग्याला आपलीं टिपणें ठेवण्यास 'स्टॅक' नांवाची जागा लागते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम ती बहुधा ८ मेगाबाइट राखून ठेवते. खरी स्मृति वापराल तेवढीच खर्ची पडते. पत्ते मात्र सगळे अडतात. ३२ बिटांच्या यंत्रांत प्रोग्रॅमच्या वांट्याला साधारण ३ गिगाबाइटांचे पत्ते येतात. भागाकार करा: ३८४. वरळीच्या पांच इमारतीहि भरावयाच्या नाहींत!

६४ बिटांच्या यंत्रांत पत्त्यांचा दुष्काळ सरला, पण दुसरी वेस उरली. लिनक्स प्रत्येक धाग्याला क्रमांक देते, आणि त्या नोंदवहीची ठराविक मर्यादा पुष्कळ काळ ३२,७६८ होती. आतां ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवितां येते. शिवाय प्रत्येक वापरणाऱ्यास निराळी मर्यादा असते. नाहींतर एकाच्या चुकीनें सारें यंत्र अडावयाचें.

मग गाळाच लहान करावा काय? स्टॅक २५६ किलोबाइटांचा करतां येतो. परंतु एकांत एक गुंतलेलें लांब काम आलें कीं प्रोग्रॅम कोसळतो.

गिरणगांवानें यावर तोड पूर्वींच काढली होती. दिवसपाळीचा गडी गिरणींत गेला कीं रातपाळीचा त्याच जागीं पथारी टाकी. आमचे धागे याच्या उलट वागतात: दूरच्या उत्तराची वाट पाहत निजलेले, आणि तरी गाळा अडवून बसलेले. म्हणून धागे मोजकेच ठेवावे, कामें रांगेनें त्यांच्याकडे सोंपवावीं, आणि उत्तर यावयाचें असेल त्या कामाची चिठ्ठी खुंटीला लावून धाग्यानें दुसरें काम उचलावें. अशा चिठ्ठीला बहुधा कांहीं किलोबाइट पुरतात.