कुरिंजी फुलली की फक्त फोटो फिरला?

बारा वर्षांनी एकदा फुलणाऱ्या नीलकुरिंजीचा पुढचा मोठा बहर 2030 मध्ये अपेक्षित आहे. तरीही बहुतेक पावसाळ्यांनंतर निळ्या-जांभळ्या डोंगरांचा एखादा फोटो मोबाइलवर फिरू लागतो. मग चेन्नईतली मंडळी उटी नाहीतर कोडाइकनालची तिकिटं पाहायला लागतात. काही जण तो फोटो खोटा ठरवून मोकळे होतात. दोन्ही गटांचं थोडं थोडं चुकतं.

फोटो खोटा असतोच असं नाही. नीलकुरिंजीचं शास्त्रीय नाव स्ट्रॉबिलान्थस कुंथियाना, आणि या प्रजातीसमूहात चारशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या कितीतरी जाती काही ठरावीक वर्षांनी एकदम फुलतात आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो. मराठी वाचकाला त्यांच्यातली एक चांगली ओळखीची आहे. ज्या कारवीच्या काठ्यांनी सह्याद्रीतल्या घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, ती याच कुळातली. ती आठ वर्षांनी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 मध्ये तिचा बहर आला. कासच्या पठारावरची टोपली कारवीही नात्यातलीच. त्यामुळे फोटोतलं निळं फूल भलत्याच जातीचं असू शकतं.

बारा वर्षांचं गणित मात्र खरं आहे. कोडाइकनाल आणि मुन्नारच्या डोंगरांवर 1982, 1994, 2006 आणि 2018 असे मोठे बहर आले. पण सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. इडुक्की जिल्ह्यात शांतनपाराजवळच्या टेकड्या 2022 मध्ये निळ्या झाल्या होत्या. एकेका डोंगरावरच्या झुडपांची पिढी वेगळी असते आणि तिची बारा वर्षं तिच्या स्वतःच्या जन्मापासून मोजायची असतात. 2018 हुकलं म्हणजे थेट 2030, हे म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं. ज्यांनी 2018 चा बहर पाहायचं ठरवलं होतं त्यांच्यातल्या अनेकांचा तर इलाजच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला आणि मुन्नारचे रस्ते बंद पडले.

कुरिंजी म्हणजे मुन्नार, हाही असाच पक्का बसलेला समज. पर्यटनाच्या जाहिरातींनी तो वाढवला. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2024 मध्ये या फुलाचं पहिल्यांदा रीतसर मूल्यमापन केलं. त्यात एकूण 34 वसाहतींची नोंद आहे, आणि सर्वाधिक वसाहती तमिळनाडूतल्या निलगिरीत आहेत. त्यानंतर मुन्नार, पळणी, अनमलाई यांचा नंबर लागतो. या 34 पैकी 33 वसाहती पश्चिम घाटात आहेत आणि फक्त एक पूर्व घाटात, सेलमजवळच्या येरकाडला. चेन्नईकर येरकाडला हवा खायला जातात, पण तिथे पूर्व घाटातली एकुलती एक नीलकुरिंजी वाढते हे किती जणांना ठाऊक असेल? आपल्या आप्तांपासून इतकी दूर पडलेली ही वसाहत खरं तर सगळ्यात आधी जपायला हवी. समुद्रसपाटीपासून साधारण 1340 ते 2600 मीटर उंचीवरचा गवताळ डोंगर हेच या झुडपाचं घर. चेन्नईच्या गच्चीतल्या कुंडीत ते रुजवायचा विचार सोडलेलाच बरा.

सगळ्यात घातक समज झाडांविषयीचा आहे. डोंगरावर झाडी दाट असली की निसर्ग सुखरूप, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. कुरिंजीच्या बाबतीत ते उलटं आहे. या डोंगरांवर शोला म्हणजे दऱ्याखोऱ्यांत दाटलेलं जंगल असतं, आणि त्याच्या वरच्या उतारांवर मोकळं गवत. कुरिंजी वाढते ती या गवतात. मद्रास इलाख्याच्या काळापासून सरकारी कागदांत हे गवत पडीक जमीन ठरलं. सरपणासाठी निलगिरी, कातडं कमावायला साल मिळावी म्हणून वॅटल, शिवाय पाइन अशी परदेशी झाडं तिथे लावली गेली. स्वातंत्र्यानंतर हे काम थांबलं नाही, वाढलं. पळणी डोंगरांच्या उपग्रह चित्रांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 1973 ते 2014 या काळात तिथलं दोन तृतीयांश गवताळ क्षेत्र गेलं, आणि त्यातलं बरंचसं परदेशी झाडांच्या लागवडीखाली गेलं, असं त्यातून दिसलं. दाट सावलीत कुरिंजी तगत नाही. कोडाइकनालच्या वाटेवरचं जे हिरवंगार रान पाहून प्रवासी खूश होतात, त्यातलं पुष्कळसं या फुलाच्या जागेवर उभं आहे.

मग ती झाडं तोडून टाकावीत? तेही इतकं सरळ नाही. वॅटलचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. झाड तोडून ऊन आत आलं की तिथेच रोपांचं दाट रान माजतं, आणि वर्षानुवर्षं ती उपटत राहावं लागतं. तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये आक्रमक वनस्पतींबाबत धोरण आणलं. त्याचा कस लागेल तो या चिकाटीच्या कामात.

बहरानंतर झुडूप मरतं, हे पाहून काहींना ते नामशेष होतंय असं वाटतं. तो तर त्याचा स्वभाव आहे. एकदा फुलायचं, मधमाश्यांना पोटभर मध द्यायचा, भरपूर बी टाकायचं आणि संपायचं. म्हणूनच बहरात तोडलेली फांदी महाग पडते, कारण तिच्यासोबत न पडलेलं बीही जातं. नीलकुरिंजी आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि ती उपटणं गुन्हा आहे. लाखो फुलं दिसतात म्हणजे धोका नाही, असंही नाही. वर सांगितलेल्या मूल्यमापनात ती 'असुरक्षित' ठरली, आणि तिने सुमारे 40 टक्के अधिवास गमावल्याचं त्यात म्हटलं आहे.

अभयारण्य जाहीर झालं की काम झालं, असंही समजू नये. केरळने 2006 च्या बहरातच 3200 हेक्टरचं कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. पण जमिनीचे दावे आणि सीमा यांत ते वर्षानुवर्षं अडकलं. तेही ज्या रेट्यामुळे जाहीर झालं, तो कुरिंजी वाचवण्याच्या चळवळीचा होता. 1989 मध्ये कार्यकर्ते कोडाइकनालहून मुन्नारपर्यंत चालत गेले होते, तेव्हा डोंगरावर बहर नव्हता. 2018 च्या बियांतून आलेली झुडपंही आज फुलांवाचून उभी आहेत. साधी हिरवी दिसतात, ओळखू येत नाहीत, आणि तंबू ठोकताना किंवा जीप गवतात घालताना ती पायाखाली नाहीतर चाकाखाली येतात.