काचपेटीतील झिंगे : पाण्याचा जिवंत पाठ

पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्दोष असतेच असे नाही, ही गोष्ट पाणीपुरवठ्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक पंचायत सदस्याला आणि विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. विद्यार्थ्यांना ती पटवून देणे मात्र तितकेसे सोपे नाही. पाण्यात विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, नायट्रेटला रंग नसतो आणि पाण्यात प्राणवायू किती आहे हे नुसते पाहून कळत नाही. जलवनस्पती लावलेली व चिमुकले झिंगे सोडलेली एक काचपेटी हे सारे व्यवहार वर्गाच्या कोपऱ्यात उघड करून दाखवू शकते. हे झिंगे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे असतात. परंतु पाण्यातील काही दोष ते माशांच्याही आधी दाखवितात.

शाळेत काचपेटी आणावी, उत्साहाच्या भरात त्याच दिवशी तीत जीव सोडावेत आणि आठ-पंधरा दिवसांत ते दगावल्यावर पेटी कपाटावर चढवावी, असे अनेकदा घडते. यात जिवांची हानी तर होतेच. शिवाय पाण्यातले जीव असेच मरावयाचे, असा चुकीचा संस्कार मुलांच्या मनावर होतो. या अपयशाचे मूळ बहुधा घाईत असते. पेटी सजविण्यास एक दिवस पुरतो. पण पेटीतील पाणी जिवंत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे काम फारसे अवघड नाही.

कल्पनेचा उगम

रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली लंडनमध्ये एक प्रयोग आरंभिला व १८५० साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. सुमारे १२ गॅलन मावतील अशा काचपात्रात त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवस ठीक चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले आणि पाण्याचा समतोल पुन्हा साधला. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव या तिघांचे परस्परावलंबन या साध्या प्रयोगाने स्पष्ट केले.

झिंग्यांना या सफाईच्या कामी लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यतः जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांच्याकडे जाते. जलवनस्पतींच्या पेट्यांतील शेवाळ काबूत ठेवण्यासाठी १९८० च्या दशकात त्यांनी कॅरिडिना गटातील एका झिंग्याचा उपयोग सुरू केला. आज तो झिंगा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कोणता झिंगा निवडावा ?

नवशिक्यांसाठी चेरी झिंगा हा सर्वांत सोयीचा होय. निओकॅरिडिना डेव्हिडी हे त्याचे शास्त्रीय नाव. चीन, तैवान, कोरिया हा त्याचा मूळ प्रदेश. निसर्गात तो मळकट, पारदर्शक रंगाचा असतो. निवडक पैदाशीने त्याचे तांबडे, पिवळे, निळे वाण तयार झाले आहेत. त्याचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे असते. मादी आकाराने मोठी असते व वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन सुमारे तीन आठवडे वावरते. अंड्यांतून बाहेर पडणारी पिले आईबापांच्याच आकाराची लघुप्रतिकृती असतात आणि गोड्या पाण्यातच वाढतात. अमानो झिंग्याच्या डिंभकांना मात्र निमखारे पाणी लागते. त्यामुळे शाळेत त्याची पैदास होऊ शकत नाही.

पेटीची मांडणी

६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. याहून लहान पेटी स्वस्त पडते; परंतु थोडे पाणी लवकर तापते व लवकर बिघडते. भरलेल्या पेटीचे वजन वाळूसह ७० किलोच्या घरात जाते, म्हणून ती भक्कम व सपाट टेबलावर, थर्मोकोलचा तक्ता खाली घालून ठेवावी. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

तळाशी चार-पाच सेंटिमीटर जाडीचा, अनेक वेळा धुतलेल्या जाड वाळूचा थर द्यावा. खत घातलेल्या शेतातील माती किंवा शेणखत पेटीत घालू नये. हवेच्या छोट्या पंपावर चालणारे स्पंजचे गाळणे बसवावे. त्यात नवजात पिले ओढली जात नाहीत आणि स्पंजच्या छिद्रांत उपयुक्त जीवाणूंना आश्रय मिळतो. साध्या एलईडी दिव्याचा रोज आठ तासांचा प्रकाश पुरेसा होतो.

वनस्पतींसाठी दूर जाण्याचे कारण नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी शाळांना परिचित असलेली हायड्रिला, तसेच व्हॅलिस्नेरिया व सेरॅटोफायलम या आपल्या जलाशयांत आढळणाऱ्या वनस्पती चांगल्या वाढतात. जावा मॉस मिळाल्यास पिलांना लपण्यास उत्तम जागा होते. बाहेरून आणलेली वनस्पती बादलीत ठेवून आठवडाभर रोज पाणी बदलावे, म्हणजे तिच्यावरील कीटकनाशकाचा अंश निघून जातो.

पाणी तयार करणे

नळाच्या किंवा टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यातील क्लोरीन झिंग्यांना व जीवाणूंना घातक असतो. असे पाणी उघड्या भांड्यात किमान २४ तास ठेवावे, अथवा त्यात सोडियम थायोसल्फेट योग्य प्रमाणात घालावे.

पाण्याचा सामू साडेसहा ते आठ आणि जडपणा लिटरला सुमारे १०० ते १८० मिलिग्रॅम असावा. या बाबतीत आपल्या राज्यातच मोठा फरक आहे. कोकणातील जांभ्याच्या प्रदेशातील पाणी बहुधा सुफेन असते. त्यात झिंग्यांना कवच बनविण्यास पुरेसे कॅल्शियम मिळत नाही, म्हणून शिंपल्यांचे तुकडे पेटीत ठेवावेत. दख्खनच्या पठारावरील कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी फार दुष्फेन असते. त्यात पावसाचे स्वच्छ साठविलेले पाणी मिसळावे.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय. कुजणाऱ्या प्रत्येक वस्तूपासून व प्राण्यांच्या उत्सर्गापासून अमोनिया निर्माण होतो आणि तो अल्प प्रमाणातही विषारी ठरतो. विशिष्ट जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, नायट्राइटही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि ते वनस्पती खत म्हणून शोषून घेतात. नव्या पेटीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. म्हणून झिंगे न सोडता पेटी चालू ठेवावी व माशांच्या खाद्याची चिमूट एक-दोन दिवसांआड टाकावी. बाजारात मिळणाऱ्या तपासणी संचाने दर चार दिवसांनी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते, शेवटी नायट्रेट वाढू लागते. पहिली दोन्ही शून्यावर आली आणि खाद्य टाकूनही शून्यावरच टिकली, की पाणी तयार झाले असे समजावे. या नोंदींचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यास नत्रचक्राचा पाठ वेगळा शिकविण्याची गरज राहणार नाही.

झिंगे सोडणे व निगा

आरंभी दहा ते पंधरा झिंगे पुरेत. ते ज्या पाण्यातून आले त्या पाण्यासह स्वच्छ भांड्यात ठेवून, सलाईनच्या नळीसारख्या बारीक नळीने पेटीतील पाणी तासा-दोन तासांत थेंबथेंब मिसळावे. पाण्याच्या गुणांत एकदम बदल झाल्यास झिंगे कात टाकताना मरतात.

खाद्य कमी द्यावे. झिंगे दिवसभर पानांवरील व वाळूवरील सूक्ष्म शेवाळ टिपत असतात. दोन दिवसांतून एकदा, दोन तासांत संपेल एवढेच खाद्य, किंवा नीट धुऊन उकडलेल्या पालकाचे लहानसे पान पुरते. उरलेले काढून टाकावे. देशी बदामाचे वाळून गळलेले पानही ते आवडीने खातात. झिंग्याने टाकलेली पारदर्शक कात काढू नये. ती खाऊन तो आपल्या कवचासाठी क्षार परत मिळवितो.

दर आठवड्याला पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा बदलावा. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र पावसाच्या किंवा शुद्ध पाण्याने भरून काढावे. कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. अतिसिंचनाने जमिनी खारवट कशा होतात, याचे उत्तर मुलांना येथे आपोआप मिळते.

उन्हाळा ही खरी कसोटी होय. १८ ते २८ अंश सेल्सिअस तापमान झिंग्यांना मानवते. ३० अंशांपुढे धोका वाढतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय विशेष लागू पडतो. दिवाळीच्या सुटीत आठ-दहा दिवस खाद्य न दिले तरी चालते. उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीत मात्र पेटीची जबाबदारी कोणाकडे राहील हे पेटी आणण्यापूर्वीच ठरविणे अगत्याचे आहे.

विष कोठून येते ?

झिंग्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तांबे. त्यांच्या रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य तांबेयुक्त असते, तरीही पाण्यात विरघळलेल्या तांब्याचा अत्यल्प अंश त्यांना ठार करतो. म्हणून पेटीचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये आणि शेवाळ मारण्यासाठी मोरचूद कधीही वापरू नये. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. डासांवरील फवारे, मच्छर अगरबत्ती व धूरफवारणी यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशकेही तितकीच घातक होत. गावात फवारणी व्हावयाची असेल तेव्हा हवेचा पंप बंद करून पेटी झाकावी आणि हवा स्वच्छ होताच पंप पुन्हा सुरू करावा.

येथे एक विचार सहज सुचतो. बोर्डो मिश्रणाचे पिंप ओढ्यात धुतले, किंवा फवारणीच्या पंपातील उरलेले औषध पाण्यात ओतले, तर आपल्या ओढ्यांतील झिंग्यांचे काय होत असेल ? पश्चिम घाटातील प्रवाहांत कॅरिडिना गटातील देशी झिंगे आजही राहतात. त्यांची नोंदवही कोणी ठेवीत नाही.

विहिरीलगतचे उकिरडे आणि शेतातील नत्रखत यांमुळे विहिरीत नायट्रेट साचते, हेही पेटीवरून समजते. पेटीतील नायट्रेट शोषण्यास वनस्पती असतात. झाकलेल्या विहिरीत त्या नसतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटविते.

ओढ्यात सोडू नका

पेटी रुळली की सहा महिन्यांत दहाचे शंभर झिंगे होणे अशक्य नाही. ते दुसऱ्या शाळेला द्यावेत; दया म्हणून विहिरीत, तळ्यात वा ओढ्यात कदापि सोडू नयेत. चेरी झिंगा जर्मनी व पोलंडमध्ये वीजकेंद्रांच्या कोमट पाण्याने तापलेल्या प्रवाहांत पसरल्याचे आढळले आहे. आपले पाणी तर बारा महिने कोमट. याच्या उलट उदाहरण हायड्रिलाचे : आशियातील ही वनस्पती १९५० च्या दशकात काचपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात शिरली आणि तेथील जलमार्गांना तिने विळखा घातला. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांची काय दशा केली, हे पंचगंगेच्या किंवा मुळा-मुठेच्या काठच्या वाचकांना सांगावयास नको.

पेटीतून काढलेले पाणीही ओढ्यात न टाकता शाळेच्या झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट झाडांच्या उपयोगी पडते. छाटलेली वनस्पती पूर्ण वाळवून खतखड्ड्यात टाकावी.

शाळा व पंचायत

एका पेटीची निगा चार विद्यार्थ्यांच्या गटाकडे महिनाभर सोपवावी. तापमान, सामू, नायट्रेट व झिंग्यांची अंदाजे संख्या यांची नोंद त्यांनी ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्याच संचाने गावातील विहिरीच्या पाण्याचे नायट्रेट पाहून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. शालेय संचाची मोजणी प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु तपासणी केव्हा मागवावी हे ती निश्चित सुचविते. पाण्यात टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, तिचे केवळ रूप बदलते, एवढे जरी या चोपन्न लिटरांच्या पेटीने नव्या पिढीला शिकविले, तरी गावच्या विहिरीला जाणते राखणदार लाभतील.