एक नळ, सात घागरी

पाण्यावरून कधीच कुरबुर झाली नाही असे घर जालन्यात शोधून सापडावयाचे नाही. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाने या गावाची तहान भागवली, पुढे पैठणहून जायकवाडीचे पाणी आले आणि २०१३ च्या उन्हाळ्यात टँकरमागे धावण्याचे दिवसही आम्ही पाहिले. नळ कोणत्या दिवशी यावयाचा, आधी पिण्याचे भरावयाचे की वापरावयाचे, कोणाची घागर पुढे आणि कोणाची मागे, हे शास्त्र येथील गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. गंमत अशी की, याच घरांत हल्ली आणखी एक नळ आला आहे आणि त्याच्यापुढे ही सारी शहाणी माणसे पार गोंधळून जातात. हा नळ इंटरनेटचा. भिंतीच्या कोपऱ्यात लुकलुकणारी, दोन-चार शिंगे उगारून बसलेली राउटर नावाची पेटी म्हणजे त्याची तोटी.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. एरवी या पेटीशी माझा संबंध ती झाडताना आला तर आला असता. परंतु मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि घरातल्या भिंतीकडे तोंड करून शिकवण्याची वेळ आली. मंठा, परतूर, भोकरदन तालुक्यांतील विद्यार्थी, कोठे दोन भावंडांत एक फोन. आणि इकडे ऐन रंगात आलेल्या विवेचनाच्या मधोमध "सर, आवाज तुटतोय" अशी हाक. तेव्हापासून या पेटीची चौकशी करणे मला भाग पडले. ती चौकशी आमच्या घरच्या उदाहरणाने सांगतो. वाचकांपैकी पुष्कळांना ते आपलेच घर वाटेल.

आम्ही सात माणसे. आई, मी, सौ., पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करणारा धाकटा भाऊ, मुलांच्या शिकवण्या पडद्यावरून घेणारी भावजय, बारावीतली मुलगी आणि नववीतले चिरंजीव. जोडणी ५० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटांची. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे येथे ध्यानात ठेवावे. म्हणजे ५० चा आकडा पाहून ५० मेगाबाइटांची फाइल सेकंदात का उतरत नाही, असा प्रश्न पडणार नाही. तिला निदान आठ सेकंद लागतात.

आता हिशेब पाहा. चांगल्या स्पष्ट चित्राच्या सिनेमाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. समोरासमोर बोलण्याला दोन-तीन. आईच्या कीर्तनाला त्याहून कमी. सातही माणसे एकाच वेळी आपापल्या उद्योगाला लागली, तरी बेरीज पंचवीस-तीसच्या वर जाणे कठीण. मग संध्याकाळ झाली की आवाज का तुटतो? "मोठा प्लॅन घ्या" हा यावरचा सार्वत्रिक सल्ला. कित्येक घरांत ५० चे १०० झाले, खर्च वाढला आणि रडगाणे तेच राहिले. कारण दोष बहुधा पाण्याचा नसतो, रांगेचा असतो.

रांगेचे दुखणे

हे दुखणे जुने आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यामधील संगणकांचे दळणवळण एकाएकी मंदावले. अंतर अवघे चारशे यार्ड. सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येक संगणक आपले पुडके पोहोचले नाही म्हणून तेच पुनःपुन्हा धाडीत होता आणि त्या गर्दीत कोणाचेच पोहोचत नव्हते. व्हॅन जेकबसन या संशोधकाने आपला सहकारी माइक केरेल्स याच्यासह १९८८ मध्ये त्यावरचा तोडगा प्रसिद्ध केला. गर्दी दिसताच पाठवणाऱ्याने आपण होऊन हात आखडता घ्यावा, आणि वाट मोकळी दिसेल तसा पुन्हा हळूहळू सैल सोडावा, असे त्याचे सार आहे. जगाचे इंटरनेट आजही याच शहाणपणावर चालते.

पण घरच्या पेटीत आणखी एक खोड असते. पुढची वाट अरुंद असेल तर ती आलेली पुडकी स्वतःजवळ साठवून ठेवते. साठा मोठा, म्हणून रांग लांब. बँकेत शंभर रुपये काढावयास गेलेला माणूस नोटांची पोती घेऊन आलेल्या व्यापाऱ्याच्या मागे अडकावा, तसे होते. मुलीच्या शंकेचा एवढासा आवाज चिरंजीवांच्या खेळाच्या अगडबंब फाइलमागे ताटकळतो. त्यात घरातून बाहेर जाणारी वाट पुष्कळ जोडण्यांत आत येणाऱ्या वाटेपेक्षा अरुंद असते. एखाद्या फोनने लग्नातले चारशे फोटो गुपचूप वर चढवावयास घेतले की, साऱ्या घराचा श्वास कोंडतो आणि अपराधी कोण ते कळतही नाही.

पेटीच्या पोटात

उपाय पेटीतच आहे. तिच्या पाठीवर किंवा पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता आणि परवलीचा शब्द असतो. पत्ता ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की पेटीचे दार उघडते. आत 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' नावाचे पान शोधावे. पहिले काम म्हणजे आपला खरा वेग मोजून घेणे. एकदा पहाटे, एकदा रात्री नऊला, शक्य तर वायरने जोडलेल्या संगणकावर. जो आकडा येईल त्याच्या सुमारे नव्वद टक्के या पानावर भरावा. स्वतःहून दहा टक्के सोडणे कोणाच्याही जिवावर येईल. पण त्यामुळे रांग कंपनीच्या दारात न लागता आपल्या दारात लागते आणि आपल्या दारातली रांग आपल्याला लावता येते.

मग प्राधान्य. येथे घरातील एकूण एक उपकरणांची यादी दिसते आणि कोणाला पुढे घ्यावयाचे ते ठरवता येते. प्राधान्य म्हणजे मक्तेदारी नव्हे. गर्दी नसेल तेव्हा सर्वांना सर्व मिळते. गर्दी झाली की पुढच्याची घागर आधी भरते, एवढेच. प्रत्येकाला पाच-पाच मेगाबिटांचे कुंपण घालणे त्यापेक्षा वाईट, कारण घर रिकामे असले तरी ते कुंपण उभेच राहते आणि उरलेले पाणी वाया जाते. काही नव्या पेट्यांत प्रत्येक कामाची वेगळी रांग लावून आळीपाळीने सर्वांना पुढे घेणारी युक्ती असते. 'एफक्यू-कोडेल' असे तिचे नाव. ती असेल तर निम्मे काम आपोआप होते. कंपनीने दिलेल्या पेटीत यांतले काहीच नसेल, तर तिच्यापुढे आपली दुसरी पेटी लावता येते.

एक खुबी सांगून ठेवतो. अलीकडचे फोन सुरक्षेसाठी आपला खरा यंत्रपत्ता लपवून बनावट पत्ता सांगतात. तो बदलला की पेटी फोनला ओळखत नाही आणि प्राधान्य हवेत विरते. घरच्या जाळ्यापुरती ही सोय फोनमध्ये बंद करावी.

बाकी साधी पथ्ये. पेटी लोखंडी कपाटामागे ठेवू नये; पोलादाच्या या गावात कपाटे भक्कम आणि लहरी त्यांच्यापुढे हतबल. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतीपुढे हार खाणारी, २.४ ची संथ पण लांब पोहोचणारी, मात्र शेजारपाजाऱ्यांच्या पेट्यांनी गजबजलेली. दूरदर्शन संच आणि कामाचा संगणक जागचे हलत नाहीत, त्यांना सरळ वायर जोडावी. मोठ्या फाइली मध्यरात्रीनंतर उतराव्यात.

पाटकरी कोण?

येथवरचे सारे काम चौदा वर्षांचा मुलगा अर्ध्या तासात करतो. आमच्याकडे त्यानेच केले आणि पहिले प्राधान्य आपल्या खेळाला दिले! मुलीची सराव परीक्षा मधेच अडखळली तेव्हा हे उघडकीस आले. येथे प्रश्न यंत्राचा उरत नाही. परवलीचा शब्द ज्याच्या हाती, तो घरचा कर्ता, अशी नवीच व्यवस्था आपल्या घरांत नकळत येत आहे.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागावयाची, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी किती व कोणत्या फडाला हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावयाचे. प्रत्यक्ष पाणी देणारा पाटकरी निराळा. तो पाण्याचा धनी नव्हे, गावाचा सेवक. पाट फोडण्याचे कसब त्याचे, पण पाणी कोणाचे हा निवाडा सर्वांचा. राउटरचा पाटकरी चिरंजीव खुशाल असोत. निवाडा मात्र घराने करावा.

आम्ही एका रविवारी बसलो. चिरंजीव लिहून घेत होते. सकाळी काकांची कचेरी आणि ताईचे वर्ग, संध्याकाळी काकूंच्या शिकवण्या, दिवेलागणीला आजीचे कीर्तन, रात्री एक तास खेळ. माझ्या वाट्याला आले ते मला पुरेसे होते. यादी झाली, सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, सगळ्यांच्या घागरी मांडल्यास. मोठ्या सूनबाईची कुठं आहे?"

लग्नामुळे सुटलेली पदवी सौ. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरी करीत आहे. तिची व्याख्याने रात्री अकरानंतर चालतात, हे घरात सर्वांना ठाऊक होते. यादीत मात्र ते कोणीच सांगितले नव्हते. ती म्हणाली, "माझं काय, सगळे झोपल्यावर उरेल त्यात भागतं."

"उरलेलं खाऊन मीही जन्म काढला," आई म्हणाली, "ह्या पेटीला तरी ते शिकवू नका."

कोणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी दुपारी चार ते साडेपाच ही वेळ आईच्या नावे पहिल्या प्राधान्याने मांडली. भावाची एक बैठक त्याच वेळेत येत होती, म्हणून तो थोडा कुरकुरला. त्याच्या संगणकाला वायर ओढल्यावर तीही कुरकुर मिटली.

वाचकहो, या दिवाळीत घरी पाहुणे येतील, प्रत्येकाच्या खिशात एक-दोन घागरी असतील. त्यांच्यासाठी पेटीत 'गेस्ट नेटवर्क' नावाची वेगळी ओसरी असते. ती उघडून द्या, म्हणजे आदरातिथ्यही होईल आणि माजघराचा परवलीचा शब्द माजघरातच राहील. मात्र त्याआधी आपल्या घरची यादी एकदा मोठ्याने वाचून पाहा. पेटी आपल्या बुद्धीने कोणावर अन्याय करीत नाही. आपण जो क्रम सांगू तो ती इमानाने पाळते, आणि जे नाव आपण सांगावयाचे विसरतो, तेही तितक्याच इमानाने विसरते.